सहावा विषय

२३ ऑगस्ट २०२३ ही तारीख चांद्रयान-३ मुळे सर्वांच्या लक्षात राहिली आहे. त्याच दिवशी देशात आणखी एक गोष्ट झाली, जी साहजिकच झाकोळली गेली. शालेय शिक्षणाचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा त्या दिवशी प्रसिद्ध झाला. कला आणि शास्त्र, पुस्तकी शिक्षण आणि व्यवसायशिक्षण यांच्यामध्ये कडेकोट भिंती नसाव्यात, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले होते; ते तत्त्व शाळेच्या वेळापत्रकात उतरवण्याचा हा प्रयत्न. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही असे वरवर पाहता वाटेल. मला तो फार जवळचा वाटतो.

त्या संध्याकाळी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक होते. त्यांनी काय पाहिले? उंचीचे आणि वेगाचे बदलते आकडे पाहिले आणि संगणकाने रेखाटलेले एक यान पाहिले. चंद्रावर अगोदरच कॅमेरा रोखून कुणी बसलेले नव्हते, त्यामुळे उतरत्या यानाचे बाहेरून घेतलेले खरे दृश्य मिळणे शक्यच नव्हते. तरीही प्रेक्षकांना ते उतरणे ‘दिसले’, कारण कुणीतरी ते दिसावे अशा रीतीने मांडले होते. चार वर्षांपूर्वी, ७ सप्टेंबर २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर, चांद्रयान-२ चे विक्रम यान उतरत असतानाही पडद्यावर असाच एक आलेख होता. नियोजित मार्गाची लाल रेषा आणि प्रत्यक्ष मार्गाची हिरवी. हिरवी रेषा लाल रेषेपासून ढळली तेव्हा अधिकृत निवेदन अद्याप व्हायचे होते, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे सुरळीत होते हे नंतर सांगण्यात आले. पण आलेख पाहणाऱ्यांना काय झाले ते त्याआधीच कळले होते. ज्यांचा शाळा सोडल्यापासून आलेखाशी संबंध आला नव्हता त्यांनाही.

इतक्या लोकांना इतक्या थोड्या वेळात इतकी नेमकी गोष्ट कळवणारे हे काम शाळेत कोणत्या विषयात शिकवले जाते? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांपुरते उत्तर द्यायचे तर ते ‘कौशल्य विषयां’च्या यादीत सापडते. मल्टिमीडिया, डिझाइन, माध्यम-अभ्यास, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा नावांनी हे विषय तिथे आहेत. म्हणजे विषय आहेत. अडचण त्यांच्या जागेची आहे.

दहावीला हा कौशल्य विषय बहुधा सहावा विषय म्हणून घेतला जातो. आणि त्या सहाव्या विषयाविषयी मंडळाचा एक नियम आहे: विद्यार्थी विज्ञान, गणित आणि सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात अनुत्तीर्ण झाला, पण कौशल्य विषयात उत्तीर्ण असेल, तर अनुत्तीर्ण विषयाची जागा हा सहावा विषय घेतो. नियम दयाळू आहे. त्याने कितीतरी मुलांचे वर्ष वाचले असेल आणि तो काढून टाकावा असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु नियम नुसती सोय करत नाहीत, ते प्रतिष्ठाही वाटतात. ज्याची मुख्य ओळख ‘नापास झाल्यास उपयोगी’ अशी आहे, त्या विषयाकडे हुशार समजली जाणारी मुलगी वळली की घरी पहिला प्रश्न येतो, “तुला कशाला हवाय तो?” आणि कच्चा समजला जाणारा मुलगा मात्र त्याकडे आपोआप ढकलला जातो. आपल्या महाराष्ट्रातही चित्रकलेचे असेच झाले आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या; दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळू लागल्यावर बसणारे वाढले, पण चित्र काढण्याचे कारण गुणपत्रिकेच्या तळाशी जाऊन बसले.

मी भौतिकशास्त्राचा संशोधक आहे, आणि माझे म्हणणे असे की डिजिटल माध्यम आणि डिझाइन हा विषय विज्ञानाच्या बदली उभा करण्याचा नाही, तो विज्ञानाच्या शेजारी उभा राहण्याचा आहे. त्यासाठी एकच उदाहरण जरा सविस्तर घेतो.

५ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने विक्रम यानाची एक चमत्कारिक प्रतिमा प्रसिद्ध केली. नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर लाल आणि निळसर कडा एकमेकींवर सरकलेल्या, छपाई बिघडल्यासारख्या. लाल-निळसर काचांचा चष्मा लावला की यान चंद्रभूमीवर त्रिमितीत उभे राहते. प्रज्ञान रोव्हरवर दिशादर्शनासाठी दोन कॅमेरे होते, डावा आणि उजवा. डाव्याची प्रतिमा लाल रंगाच्या वाहिनीत आणि उजव्याची हिरव्या व निळ्या वाहिन्यांत भरली, की डाव्या डोळ्यापुढची लाल काच फक्त डावी प्रतिमा आत सोडते, उजव्या डोळ्यापुढची निळसर काच फक्त उजवी. उरलेले काम मेंदू करतो.

हे शाळेत करायला काय लागते? एक फोन, एक स्टूल, जिलेटीन कागदाचे दोन रंगीत तुकडे, एखादा संगणक आणि जिंपसारखे मोफत सॉफ्टवेअर. स्टुलावर फोन ठेवून एक छायाचित्र घ्यायचे, फोन साधारण ६ सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरे. ६ का? माणसाच्या दोन डोळ्यांमधले अंतर जवळपास तेवढे असते म्हणून. मग वर्गातले एखादे पोर खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराचे असेच चित्र करून बघते आणि डोंगर सपाटच राहतो. कारण इतक्या दूरच्या वस्तूसाठी ६ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. फोन दोन-चार मीटर सरकवला की डोंगर उठून दिसतो, पण आता तो खेळण्यातल्यासारखा छोटा भासू लागतो. दोन डोळ्यांत इतके अंतर असलेल्या राक्षसाला डोंगर तसाच दिसेल. याच भूमितीला खगोलशास्त्रात पराशय म्हणतात. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास हा ‘दोन डोळ्यांमधले अंतर’ धरून जवळच्या ताऱ्यांची अंतरे मोजतात ती याच रीतीने.

इथपर्यंत भौतिकशास्त्र झाले. आता पुढची अडचण. मैत्रिणीने लाल ओढणी घेतली असेल तर ती लाल वाहिनीत लख्ख उजळ येते आणि निळसर वाहिनीत जवळजवळ काळी. दोन डोळ्यांना दोन परस्परविरोधी बातम्या मिळतात आणि ओढणी नुसती चमचमत राहते. उपाय काय? छायाचित्र आधी कृष्णधवल करावे का? (प्रज्ञानच्या मूळ प्रतिमा कृष्णधवलच होत्या, म्हणून तिथे ही अडचण आली नाही.) की लाल वस्तू टाळावी? की रंग थोडे फिके करून काही राखावे, काही सोडावे? याचे एकच बरोबर उत्तर नाही. कशासाठी चित्र करतो आहोत, कोण बघणार आहे, काय गमावले तर चालेल, हे ठरवावे लागते. इथे डिझाइन सुरू होते. हे प्रात्यक्षिक दहावीच्या ‘मानवी डोळा’ या प्रकरणाचे, की मल्टिमीडियाचे? आज दोन्हीकडच्या शिक्षकांनी ते दुसऱ्याचे आहे असे म्हणावे, अशी आपली व्यवस्था आहे.

दुसरे उदाहरण अधिक धावते घेतो, कारण ते तुमच्या खिशात आहे. फोनमधल्या १ कोटी २० लाख पिक्सेलच्या छायाचित्राला, प्रत्येक पिक्सेलमागे तीन बाइट धरले तर, ३ कोटी ६० लाख बाइट लागायला हवेत. प्रत्यक्षात जेपीईजी फाइल याच्या लहानशा अंशात मावते. कारण चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोन कोसाइन लहरींच्या बेरजेत लिहिला जातो आणि ज्या बारीक लहरी डोळ्यांना फारशा जाणवत नाहीत त्यांवर कात्री चालवली जाते. ही रीत शोधणारे नासिर अहमद हे १९४० साली बेंगळुरूत जन्मले, तिथेच अभियांत्रिकी शिकले आणि पुढे अमेरिकेत गेले. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या कल्पनेसाठी त्यांनी मागितलेले अनुदान मात्र नाकारले गेले होते, आणि एका परीक्षकाला ती फारच सोपी वाटली होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. दहावीच्या त्रिकोणमितीत कोसाइन शिकणाऱ्या मुलांना ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न पडतो. सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फुलांची चित्रे हे त्याचे एक उत्तर आहे, जरी ती चित्रे पाठवणाऱ्या काकांना ते ठाऊक नसले तरी.

पण तंत्र समजणे पुरेसे नाही. १० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाली आणि ते नारिंगी कडे जगभर पोहोचले. ती प्रतिमा १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींपासून बनवलेली आहे. रेडिओ लहरींना डोळ्यांना दिसेल असा रंगच नसतो. नारिंगी हा माणसांनी केलेला चुनाव आहे. तीव्रतेचे आकडे रंगांत मांडण्यासाठी त्यांनी एक पट्टी निवडली. त्यात फसवणूक नाही, पण ती निवड आहे हे माहीत असणे आणि नसणे यांत फार अंतर आहे. इंद्रधनुष्याच्या सात रंगांची पट्टी वापरलेले नकाशे आणि आलेख आजही जिथे तिथे दिसतात. त्या पट्टीतला पिवळा भाग डोळ्यांना विनाकारण उजळ वाटतो आणि मूळ नोंदींत नसलेल्या कडा चित्रात उमटतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न जाणवणाऱ्या वाचकाला असा नकाशा वाचताच येत नाही. शोधनिबंध तपासताना हा दोष मला अनुभवी संशोधकांच्या आलेखांत सुद्धा भेटतो. पंधराव्या वर्षी अर्ध्या तासात शिकता येणारी ही गोष्ट आम्हाला तिशीत कुणीतरी टोकल्यावर कळते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. चांद्रयान-३ उतरल्यानंतर चंद्राच्या मातीत इस्रोचे बोधचिन्ह आणि राष्ट्रचिन्ह सुबक उमटल्याचे एक चित्र देशभर फिरले. ते एका कलाकाराने तयार केलेले चित्र होते. छायाचित्र म्हणून ते इतरांनी पसरवले. चाकांवर ही चिन्हे खरोखर कोरलेली होती, म्हणून चित्र विश्वसनीय वाटले. अशा वेळी ‘खोट्या बातम्यांपासून सावध राहा’ हा फलक शाळेच्या भिंतीवर लावून काही साधत नाही. ज्याने स्वतः दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या आहेत, सावली खोटी काढून पाहिली आहे आणि ती का खोटी वाटते हे शोधले आहे, तो सहज विचारतो: हा फोटो कोणत्या कॅमेऱ्याने घेतला? तो कॅमेरा कुठे होता? सूर्य कोणत्या बाजूला होता? हे तीन प्रश्न ज्याला सुचतात त्याला निराळा उपदेश करावा लागत नाही.

‘आमच्याकडे संगणकच नाहीत’ हा आक्षेप खरा आहे. युडायस प्लसच्या २०२३-२४ च्या आकड्यांनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांमध्ये चालू स्थितीतील संगणक होते, इंटरनेट ५३.९ टक्के शाळांत. परंतु त्याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. फोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे माध्यम मुलांच्या हाती पोहोचले आहे, ते शिकवणारा विषय पोहोचलेला नाही. आणि मुलांमध्येही स्वतःचा फोन असण्याचे प्रमाण मुलींत कमी आहे, हे त्याच पाहणीत दिसते. शाळेने हा विषय घेतला नाही तर तो घरी मुलगा शिकेल आणि मुलगी त्याच्याकडून फोन मागत राहील.

साधनांच्या प्रश्नाला केरळने दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प तिथे २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे शाळांनी मोफत, मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला. माध्यमिक शाळेतील मुले इंकस्केपमध्ये रेखाटन करतात. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून अ‍ॅनिमेशनही करतात. परवान्यांचा खर्च टळला हा एक लाभ. दुसरा लाभ मला मोठा वाटतो: मूल घरी किंवा जुन्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर बसवू शकते आणि त्यासाठी चोरीची प्रत वापरावी लागत नाही. जिथे हा विषय एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या मेनूत कोणते बटण आहे इतकाच शिकवला जातो, तिथे तो न शिकवलेला बरा. ती बटणे पाच वर्षांत जागा बदलतात.

‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रे काढून देते, मग मुलांनी हे का शिकावे?’ हा आक्षेप अलीकडे फार ऐकू येतो. गणकयंत्र आल्यावर अंकगणित बंद झाले नाही, एवढे उत्तर मला पुरते. उलट, एका वाक्यात मागितलेले चित्र समोर आल्यावर त्यातली शंकूची सावली चुकली आहे हे कुणाला ओळखता येते, हाच आता परीक्षेचा प्रश्न व्हायला हवा.

भारतात डिझाइनच्या उच्च शिक्षणाचा विचार नवा नाही. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे तोंडभरून कौतुक केले. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत औद्योगिक डिझाइन केंद्र. पण शाळेतून तिथे जाण्याची पायवाट बांधायची राहून गेली. आज या शाखेच्या प्रवेशपरीक्षांत रेखाटन आणि अवकाशीय आकलन तपासले जाते, जे शाळेत फारसे कुणी शिकवत नाही. ती पोकळी खासगी शिकवण्या भरून काढतात. ज्याला फी परवडते तो आत जातो.

भारतीय भाषांच्या शाळांपुढे आणखी एक काम आहे आणि ते कुणी बाहेरचा करून देणार नाही. मराठी माध्यमाच्या विज्ञान प्रदर्शनातले तक्ते पाहा. इंग्रजी तक्त्यांचे अनुकरण करून शीर्षकातली अक्षरे लांब लांब केली जातात आणि देवनागरीची शिरोरेषा तुटून अक्षरे दातपडक्या कंगव्यासारखी दिसू लागतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचणारे र. कृ. जोशी आणि २०१० मध्ये निवडले गेलेले रुपयाचे चिन्ह रचणारे डी. उदयकुमार हे दोघेही आयआयटी मुंबईच्या त्याच केंद्राशी संबंधित. मुलांच्या रोजच्या पाहण्यातली ही कामे आहेत, पण ती कुणीतरी केली आहेत हेच त्यांना सांगितलेले नसते.

मग काय करावे? माझी मागणी लहान आहे. कौशल्य विषयाला पाच मुख्य विषयांत बरोबरीची जागा मिळण्याची वाट न पाहता शाळा एक गोष्ट आत्ताच करू शकतात: वर्षातून एक प्रकल्प विज्ञान आणि मल्टिमीडिया या दोन्ही विषयांत मिळून धरावा आणि दोन्ही शिक्षकांनी तो एकत्र तपासावा. दहावीच्या विज्ञानात लेखी परीक्षेला ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. कौशल्य विषयात निम्मे, म्हणजे ५० गुण प्रात्यक्षिकाला. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला या दुसऱ्या वाटणीचा हेवा वाटतो. ती जागा वापरावी. तपासताना अंतिम चित्र किती देखणे आहे हे शेवटी पाहावे. आधी मूळ नोंदी, टाकून दिलेले मसुदे आणि ते का टाकले याच्या दोन ओळी पाहाव्यात. आणि प्रत्येक चित्राखाली विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: यात मोजलेले काय आहे, रंगवलेले काय आहे आणि निव्वळ रेखाटलेले काय आहे. वृत्तवाहिन्यांनीही हे लिहिले तर माझी हरकत नाही.

जे वाचक सध्या नववी-दहावीत आहेत त्यांनी त्रिमिती छायाचित्राचा प्रयोग या रविवारी करून पाहावा. जिलेटीनचे तुकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. लाल तुकडा डाव्या डोळ्यापुढे. चित्र जमले तर खाली प्रतिक्रियांत टाका, नाही जमले तरी टाका, आणि दोन छायाचित्रांमध्ये फोन किती सेंटिमीटर सरकवला होता तेवढे सोबत लिहा.